त्या दिवसाचे दुसरे भारतरत्न

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात, गुणवंत विद्यार्थी गौरव समारंभात केलेले भाषण)



मी काही वक्ता नाही. दरवर्षी या मांडवात माझं काम ठरलेलं असतं. मंडपाचे खांब नीट रोवलेत का, वायरिंगला अर्थिंग आहे का, स्टेजच्या फळ्या हलतात का, हे बघायचं आणि मागच्या रांगेत उभं राहायचं. या वर्षी सेक्रेटरींनी मला धरलं. "तुमच्या वाचनातल्या एखाद्या माणसाबद्दल बोला, अर्धा तास," असं म्हणाले. मी नाही म्हणणार होतो. पण एका कारणासाठी हो म्हटलं. ते कारण शेवटी सांगतो.

एका तारखेपासून सुरुवात करतो. १६ नोव्हेंबर २०१३. मुलांना लक्षात नसेल, मोठ्यांना नक्की असेल. वानखेडे स्टेडियमवर सचिन तेंडुलकरचा दोनशेवा आणि शेवटचा कसोटी सामना संपला. मैदानावर त्यानं केलेलं भाषण ऐकताना आमच्या घरात वडिलांसकट सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि त्याच दिवशी दुपारी बातमी आली, की सचिनला भारतरत्न जाहीर झालं. आमच्या गल्लीत फटाके वाजले. मीही पेढे आणले.

त्या बातमीत आणखी एक नाव होतं. त्याच दिवशी, त्याच घोषणेत भारतरत्न दोघांना जाहीर झालं होतं. दुसरे होते प्राध्यापक सी. एन. आर. राव. रसायनशास्त्रज्ञ. राहणार बंगळुरू, म्हणजे आपल्याच राज्याच्या राजधानीत. मी राज्य सरकारचा नोकर, बंगळुरूला कामानिमित्त कितीतरी वेळा गेलो असेन. पण खरं सांगतो, त्या दिवशी मला हे राव कोण, हे ठाऊक नव्हतं. "असतील कोणी मोठे," असं म्हणून मी पेपरचं पान उलटलं.

हे राव कोण, हे मला पुढे माझ्या मुलीमुळे कळलं. तिनं ग्रंथालयातून त्यांचं इंग्रजी आत्मचरित्र आणलं होतं. 'क्लायम्बिंग द लिमिटलेस लॅडर', म्हणजे ज्याला शेवटची पायरीच नाही अशी शिडी चढणं. ती वाचून उठली की मी हातात घ्यायचो. माझं इंग्रजी डिप्लोमापुरतं. शब्दकोश शेजारी ठेवून दोन महिने वाचत होतो. वाचताना एक गोष्ट लक्षात आली. हा माणूस ज्या विषयात आयुष्यभर राबला, त्याच विषयाच्या एका टोकाला मी गेली वीस वर्षं नोकरी करतोय, आणि मला ते माहीतच नव्हतं.

मी खात्याच्या गुणनियंत्रण प्रयोगशाळेत ज्युनिअर इंजिनिअर आहे. आमच्याकडे रस्त्यांची, पुलांची, इमारतींची काँक्रीटची क्यूब येतात. दीडशे मिलिमीटर लांबी, रुंदी, उंची. ती पाण्याच्या टाकीत ठेवायची, सात दिवसांनी आणि अठ्ठावीस दिवसांनी मशिनखाली चेपायची, कुठल्या आकड्याला फुटतात ते रजिस्टरमध्ये लिहायचं आणि खाली सही करायची. हे माझं काम.

आता मी तुम्हाला एक प्रश्न विचारतो. सिमेंट घट्ट कशामुळे होतं? मी हा प्रश्न अनेकांना विचारलाय. दहातले आठजण सांगतात, "सुकतं, म्हणून घट्ट होतं." नाही. सिमेंट सुकून घट्ट होत नाही. ते पाण्याशी रासायनिक संयोग करून घट्ट होतं. सिमेंटमधली कॅल्शियमची संयुगं पाण्याशी मिळतात आणि त्यातून अतिशय बारीक, एकमेकांत गुंतलेलं एक जाळं तयार होतं. खडी आणि वाळू त्या जाळ्यात अडकते. म्हणून तर सिमेंट पाण्याखालीसुद्धा घट्ट होतं. उलट ते लवकर सुकलं तर कच्चं राहतं.

काही वर्षांपूर्वी एका छोट्या मोरीच्या कामाची क्यूब माझ्याकडे आली. अठ्ठावीस दिवसांची टेस्ट झाली, उत्तम पास. पण मला साइटवर जायचा योग आला. रिबाउंड हॅमरने स्लॅब ठोकून बघितला, तर आकडा फारच कमी. तेच सिमेंट, तीच वाळू, तीच खडी, एकाच दिवशी एकाच मिक्सरमधून निघालेलं काँक्रीट. फरक एवढाच, की क्यूब आमच्या टाकीत अठ्ठावीस दिवस पाण्यात होती आणि स्लॅबवर उन्हाळ्यात दोन दिवसांनंतर कोणी पाणी मारलं नव्हतं. म्हणजे घटक तेच, पण आतली रचना वेगळी, म्हणून ताकद वेगळी.

मित्रांनो, पदार्थविज्ञानाची, म्हणजे ज्याला मटेरियल सायन्स म्हणतात त्याची, पहिली पायरी हीच आहे. पदार्थ कशाचा बनलाय हे तर महत्त्वाचं आहेच, पण आत तो कसा रचलाय, हेही तितकंच महत्त्वाचं.

भगिनींना हे माझ्यापेक्षा जास्त कळतं. दूध आणि साखर. त्याचाच पेढा होतो, त्याचीच बर्फी होते आणि त्याचाच आपला बेळगावी कुंदा होतो. कुंद्याला काही जगावेगळं सामान लागत नाही. आच किती, किती वेळ, कधी ढवळायचं, कधी थांबायचं, यावर सगळं आहे. पेन्सिलीतलं शिसं आपण म्हणतो ते खरं म्हणजे ग्राफाइट, निव्वळ कार्बन. अंगठीतला हिरा, तोही निव्वळ कार्बन. एक कागदावर घासला तरी झिजतो, दुसरा काच कापतो. अणू तेच, फक्त बसण्याची पद्धत वेगळी.

हे अणू घन पदार्थात कसे बसतात, ते बसणं बदललं तर पदार्थाचे गुण कसे बदलतात, आणि आपल्याला हव्या त्या गुणाचा नवा पदार्थ मुद्दाम बनवता येईल का, या प्रश्नांमागे प्राध्यापक रावांनी साठ वर्षांहून अधिक काळ घालवला.

आता त्यांच्या आयुष्याकडे वळतो.

चिंतामणी नागेश रामचंद्र राव. नावातच चिंतामणी, गणपतीचं नाव. जन्म ३० जून १९३४, बंगळुरू. आई-वडिलांचं एकुलतं एक अपत्य. वडील शाळा तपासनीस होते. सुरुवातीचं शिक्षण घरीच झालं. आई फार शिकलेली नव्हती, पण पुराणातल्या गोष्टी आणि गणित तिनंच शिकवलं. मूल सहा वर्षांचं झालं तेव्हा एकदम मिडल स्कूलमध्ये घातलं. शिक्षण कन्नडमध्ये, वडील मात्र मुलाशी इंग्रजीत बोलत. त्यांच्या शाळेत एकदा सर सी. व्ही. रामन आले होते. नोबेल मिळवलेला माणूस आपल्यासमोर उभा राहून बोलतोय, हे त्या मुलाच्या मनात कायमचं बसलं. म्हणून मी म्हणतो, शाळेत कोणाला पाहुणे बोलवायचं याचा विचार जरा जास्त करायला हवा.

सतराव्या वर्षी, १९५१ साली, म्हैसूर विद्यापीठाची बी.एस्सी. मग १९५३ साली बनारस हिंदू विद्यापीठातून एम.एस्सी. तिथून अमेरिकेत परड्यू विद्यापीठात. दोन वर्षं नऊ महिन्यांत पीएच.डी. पूर्ण केली. १९५८ साली, वय चोवीस. त्यानंतर काही काळ कॅलिफोर्नियात बर्कले विद्यापीठात संशोधन.

इथं थोडं थांबतो. १९५९ साल. चोवीस-पंचवीस वर्षांचा मुलगा, अमेरिकेत पीएच.डी. झालेला, हाताशी शोधनिबंध. आजच्या भाषेत सांगायचं तर तो सेटल होता. आपल्याकडे असा मुलगा असता तर पत्रिकांचा ढीग लागला असता. हा मुलगा परत आला. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये लेक्चरर म्हणून रुजू झाला. पगार महिना पाचशे रुपये. अमेरिकेत ज्या उपकरणांची सवय झाली होती, ती इथं नव्हती.

काय केलं असेल त्यांनी? हातात जे होतं त्यावर सुरुवात केली. पदार्थावर प्रकाश टाकून तो कुठला प्रकाश शोषतो यावरून आतली रचना ओळखायची, याला वर्णपटशास्त्र म्हणतात. त्यांनी त्यावर काम केलं आणि विद्यार्थ्यांना उपयोगी पडतील अशी पुस्तकं लिहिली. तिशी गाठायच्या आत त्यांची दोन पुस्तकं परदेशात छापली गेली होती.

१९६३ साली ते कानपूरच्या आयआयटीत गेले. आणि इथं एक आपला माणूस येतो. कानपूर आयआयटीचे पहिले संचालक होते डॉ. पुरुषोत्तम काशिनाथ केळकर. जन्म धारवाडचा, म्हणजे आपल्यापासून दोन तासांवर. मुंबईच्या व्हीजेटीआयचे ते प्राचार्य होते, मुंबई आयआयटी उभी करण्यातही त्यांचा मोठा वाटा. १९५९ साली कानपूरमध्ये आयआयटी सुरू झाली ती दुसऱ्या एका संस्थेकडून मागून घेतलेल्या जागेत. त्या अवस्थेत केळकरांनी देशभरातून आणि परदेशातून तरुण माणसं हुडकून आणली. रावांना त्यांनीच कानपूरला बोलावलं. तेव्हा रावांचं वय एकोणतीस. आज कानपूर आयआयटीच्या ग्रंथालयाला केळकरांचं नाव आहे. धारवाडच्या मातीत जन्मलेला एक मराठी माणूस बंगळुरूच्या एका कन्नड तरुणाला उत्तर प्रदेशात नेतो आणि तिथं देशातला उत्तम रसायनशास्त्र विभाग उभा राहतो. भाषेवरून आपण इथं बरंच काही ऐकतो, बोलतो. मी सरकारी नोकर, त्यात पडत नाही. पण ही गोष्ट मला सांगावीशी वाटली.

कानपूरमध्ये रावांनी घन पदार्थांचं रसायनशास्त्र हा विषय मनापासून हाती घेतला. त्या काळी हा विषय फारसा प्रतिष्ठेचा नव्हता. रसायनशास्त्र म्हणजे परीक्षानळीत द्रावणं मिसळायची, रंग बदलायचा, वास यायचा. घन पदार्थ हे भौतिकशास्त्रज्ञांचं क्षेत्र, असं समजलं जाई. रावांनी निवडली धातूंची ऑक्साइडं. तुमच्या-आमच्या भाषेत धातूचा गंज म्हणा, त्याच जातीचे पदार्थ. आपल्याला वाटतं, लोखंड वीज वाहून नेतं, गंज नेत नाही, विषय संपला. पण नाही. काही ऑक्साइडं अजिबात वीज नेत नाहीत, काही अगदी धातूसारखी नेतात, आणि काही अशी आहेत की एका तापमानाला विरोधक असतात आणि जरा तापवली की वाहक होतात. व्हॅनेडियमचं एक ऑक्साइड साधारण ६८ अंश सेल्सिअसला असं रूप बदलतं. चहा त्याहून गरम असतो. हे का होतं? आत कुठला अणू हलला? कुठला इलेक्ट्रॉन मोकळा झाला? हे त्यांचे प्रश्न.

आणि काम करायची पद्धत कशी, तर ऐकून तुम्हाला आपल्या स्वयंपाकघराची आठवण येईल. दोन-तीन ऑक्साइडांची पूड मोजून घ्यायची. खलात बारीक वाटायची. भट्टीत नऊशे-हजार अंशाला तासन्‌तास ठेवायची. काढायची, परत वाटायची, परत भट्टीत. मग क्ष-किरणांनी तपासायचं, हवी ती रचना बनली का. नाही बनली, तर पुन्हा पहिल्यापासून. कुंदा करणाऱ्याला हे लगेच समजेल.

१९६७ साली त्यांना इंग्लंडच्या फॅरडे सोसायटीचं मार्लो पदक मिळालं, १९६८ सालचा भटनागर पुरस्कार मिळाला, १९७४ साली पद्मश्री. १९७६ साली ते पुन्हा बंगळुरूच्या त्याच संस्थेत परतले आणि घन पदार्थांच्या रसायनशास्त्रासाठी एक स्वतंत्र विभाग काढला. १९८२ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे ते फेलो झाले. यादी मोठी आहे, सगळी वाचत नाही. मुलांनी मला दम दिलाय, "बाबा, नुसती पदकं वाचू नका."

त्यापेक्षा एक गोष्ट सांगतो. मला या साऱ्या चरित्रात ती सगळ्यांत जास्त भिडली.

१९११ साली हॉलंडमध्ये कामर्लिंग ओनेस नावाच्या शास्त्रज्ञानं पारा अतिशय थंड केला, उणे २६९ अंशांच्या आसपास, आणि त्याला दिसलं की पाऱ्याचा विजेला असलेला विरोध एकदम शून्य झाला. शून्य म्हणजे शून्य. याला अतिसंवाहकता म्हणतात. आपल्याकडे लाइन लॉस म्हणून जो प्रकार असतो, म्हणजे तारेतून येता येता वाया जाणारी वीज, तो अशा तारेत असणारच नाही. अडचण एकच. इतकं थंड ठेवायला द्रवरूप हीलियम लागतं, ते महाग. हॉस्पिटलात एमआरआय मशीन असतं ना, त्यातलं चुंबक अशाच तारेचं असतं आणि त्याच्याभोवती द्रव हीलियम भरलेलं असतं.

पंचाहत्तर वर्षं लोक शोधत होते, की जरा कमी थंडीत हे जमेल असा पदार्थ मिळेल का. १९८६ साली स्वित्झर्लंडमध्ये बेडनॉर्झ आणि म्युलर या दोघांना असा पदार्थ मिळाला. तो धातू नव्हता. ऑक्साइड होतं! लँथॅनम आणि तांब्याचं ऑक्साइड, त्यात थोडं बेरियम. पुढच्याच वर्षी दोघांना नोबेल मिळालं.

आता ऐका. त्यातलं लँथॅनम-तांब्याचं मूळ ऑक्साइड रावांच्या ओळखीचं होतं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगळुरूत ते आधीच बनवलं होतं, तपासलं होतं, त्यावर लिहिलंही होतं. पण त्यात चिमूटभर बेरियम घालून तितकं थंड करून बघणारे दुसरे निघाले.

दुसरा कोणी असता तर आयुष्यभर हळहळत बसला असता. आपल्या कचेऱ्यांत अशी माणसं आपण बघतो. प्रमोशन एकदा हुकलं की रिटायर होईपर्यंत तीच टेप. रावांचं वय तेव्हा बावन्न. संस्थेचे संचालक होते, म्हणजे फायली, बैठका, दिल्लीच्या फेऱ्या सगळं पाठीशी होतं. ते थेट प्रयोगशाळेत गेले. १९८७ च्या सुरुवातीला अमेरिकेतून बातमी आली की इट्रियम, बेरियम आणि तांबं यांच्या ऑक्साइडात उणे १८० अंशांच्या आसपासच हा प्रकार दिसतो. हा आकडा महत्त्वाचा, कारण द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांचा असतो, म्हणजे त्यात बुडवून काम भागतं, आणि नायट्रोजन हीलियमच्या मानानं फारच स्वस्त. पण त्या मिश्रणात अनेक पदार्थ एकत्र होते. नेमका कुठला पदार्थ हे करतो? जगभरच्या प्रयोगशाळा रात्रंदिवस याच्या मागे लागल्या. बंगळुरूच्या गटानं तो पदार्थ स्वतंत्रपणे ओळखला. इट्रियम एक, बेरियम दोन, तांबं तीन, हे त्याचं प्रमाण. त्यांचा लेख १९८७ सालीच 'नेचर' या जगप्रसिद्ध साप्ताहिकात आला.

नोबेल मिळालं नाही. पण शर्यतीत बंगळुरूचं नाव होतं. आपल्या क्यूबच्या भाषेत सांगायचं तर सात दिवसांचा आकडा कमी आला म्हणून काँक्रीट फेकून देत नाहीत. अठ्ठावीस दिवस थांबायचं असतं, आणि तोवर पाणी मारत राहायचं असतं.

१९८४ ते १९९४ ते इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे संचालक होते. १९८९ साली, पंडित नेहरूंच्या जन्मशताब्दी वर्षात, बंगळुरूच्या जक्कूर भागात जवाहरलाल नेहरू सेंटर फॉर ॲडव्हान्स्ड सायंटिफिक रिसर्च उभं राहिलं, त्याचे ते संस्थापक अध्यक्ष. राजीव गांधींच्या आणि नंतर मनमोहन सिंगांच्या काळात पंतप्रधानांच्या विज्ञान सल्लागार समितीचे अध्यक्ष. या सगळ्यात प्रयोगशाळा सुटली नाही. नॅनो म्हणजे अतिसूक्ष्म पदार्थांचा काळ आला तेव्हा साठी जवळ आलेले राव तिकडे वळले, कार्बनच्या सूक्ष्म नळ्यांवर, पुढे ग्राफिनवर काम केलं. दीड हजाराहून अधिक शोधनिबंध आणि पन्नासच्या आसपास पुस्तकं. त्यात शाळेच्या मुलांसाठी लिहिलेलीही आहेत, त्यांच्या पत्नी इंदुमती राव यांच्याबरोबर. पुरस्काराच्या रकमेतून त्यांनी एक प्रतिष्ठान काढलं, ते विज्ञानाच्या उत्तम शिक्षकांचा गौरव करतं.

आता एक अवघड भाग. मोठ्या माणसाबद्दल बोलताना नुसती आरती ओवाळायची सवय आपल्याला असते. पण मी तपासणीच्या खात्यातला माणूस, कमी आलेला आकडाही लिहावा लागतो.

२०११ साली रावांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या एका शोधनिबंधात दुसऱ्यांच्या लेखातली काही वाक्यं जशीच्या तशी आल्याचं उघड झालं. वाक्यं विद्यार्थ्यानं लिहिली होती, निष्कर्ष त्यांचे स्वतःचे होते, हे सगळं खरं. तरी लेखकांत नाव रावांचं होतं. लेखकांनी माफी मागितली, नियतकालिकानं ती छापली. देशभर चर्चा झाली.

मला यातून एक गोष्ट घ्यावीशी वाटते. ज्याची सही, त्याची जबाबदारी. आमच्याकडे मेजरमेंट बुकात मापं मजूर-मुकादमानं धरलेली असतात, टेप दुसऱ्यानं ओढलेली असते. पण खाली सही माझी असते. उद्या चौकशी आली तर "टेप मी धरली नव्हती" असं म्हणता येत नाही. इतक्या मोठ्या माणसालाही तो नियम चुकला नाही, हे मुलांनी लक्षात ठेवावं.

आणि भारतरत्न जाहीर झाल्यावर दुसऱ्याच दिवशी पत्रकारांनी विचारलं, कसं वाटतं? तेव्हा एकोणऐंशी वर्षांचे राव आनंद मानायचं सोडून राजकारणी लोकांवर चिडले. विज्ञानाला पैसा अगदीच थोडा देता, म्हणाले. एक कडक शब्दही वापरला. मी सरकारी नोकर, तो शब्द इथं उच्चारणार नाही. ४ फेब्रुवारी २०१४ रोजी राष्ट्रपती भवनात सचिन आणि राव, दोघांनी भारतरत्न स्वीकारलं.

आता मी सुरुवातीला म्हटलेल्या कारणाकडे येतो.

माझी मुलगी यंदा सेकंड पीयूसी चांगल्या मार्कांनी पास झाली. सीईटीत रँकही बरी आली. इंजिनिअरिंगला सरकारी कोट्यातून सीट मिळत होती. आणि ती म्हणाली, "बाबा, मला बी.एस्सी. करायचंय. केमिस्ट्री."

माझा पहिला शब्द काय असेल? "वेड लागलंय का?" हाच. मी स्वतः दहावीनंतर पॉलिटेक्निकला गेलो, कारण घरात लवकर पगार यायला हवा होता. डिप्लोमावाल्याला खात्यात पदवीवाल्यासमोर कसं उभं राहावं लागतं, हे मी वीस वर्षं बघतोय. माझी मुलगी बी.ई. होणार, माझ्या वरच्या खुर्चीवर बसणार, हे माझं स्वप्न होतं. ते तिचं होतं का, हे मी विचारलंच नव्हतं. नातेवाईक म्हणाले, बी.एस्सी. कोण करतं, ज्यांना कुठं मिळत नाही ते. महिनाभर आमच्या घरात जेवताना कोणी बोलत नव्हतं. याच महिन्यात मी ते पुस्तक शब्दकोश घेऊन वाचत होतो.

आणि याच महिन्यात आपल्या मंडळाचा गुणगौरवाचा फॉर्म आला. नाव, टक्के आणि शेवटी एक रकाना, 'पुढील शिक्षण : वैद्यकीय / अभियांत्रिकी'. दोनच पर्याय. मी, आज तुमच्यासमोर सहीची जबाबदारी सांगणारा मी, 'अभियांत्रिकी' वर बरोबरची खूण केली, सही केली आणि फॉर्म देऊन टाकला. मुलीला सांगितलं नाही. चारचौघांत मान खाली जाऊ नये, एवढंच डोक्यात होतं.

त्यानंतर चार दिवसांनी मी तो १९५९ सालचा भाग वाचला. पाचशे रुपये पगारावर परत आलेला मुलगा. त्याच्या वडिलांनाही शेजाऱ्यांनी विचारलं असेलच की, "एवढा शिकला आणि मास्तर झाला?" पुस्तक मिटलं. रात्री मुलीला विचारलं, "केमिस्ट्रीच का?" ती तासभर बोलली. मला निम्मं कळलं नाही. पण तिनं एक गोष्ट विचारली, "बाबा, तुम्ही रोज जे सिमेंट तपासता, ते आतून कसं होतं हे तुम्हाला कधी बघावंसं वाटलं नाही?" वाटलं होतं. पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षी वाटलं होतं. नंतर विसरलो.

दुसऱ्या दिवशी मी सेक्रेटरींच्या घरी गेलो, फॉर्म परत मागून घेतला, खूण खोडली आणि बाजूला हातानं लिहिलं : बी.एस्सी., रसायनशास्त्र. खोडलेल्या जागी आद्याक्षरंही घातली, कचेरीच्या सवयीनं. तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, "हे असं कशासाठी केलंत, ते लोकांना सांगा." म्हणून मी आज इथं उभा आहे. ती त्या तिसऱ्या रांगेत बसली आहे. हे सगळं मी सांगणार आहे, हे तिला माहीत नव्हतं.

ती राव होईल, असं मला म्हणायचं नाही. कदाचित ती शाळेत शिक्षिका होईल, एखाद्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागेल, कदाचित पाच वर्षांनी मला म्हणेल, बाबा, चुकलंच. पुढचा आकडा आज कोणालाच सांगता येत नाही. क्यूब टाकीतून काढल्याशिवाय कळत नाही. पण टाकीत ठेवायचीच नाही, हे बापाचं काम नव्हे.

मंडळाकडे माझी एकच विनंती आहे. आपल्या फॉर्ममधले ते दोन पर्याय काढून टाका. तिथं नुसती एक मोकळी ओळ ठेवा. मूल काय शिकतंय ते त्यालाच लिहू द्या. आज कौतुक होणाऱ्या सगळ्या भावी डॉक्टर-इंजिनिअरांचं मी मनापासून अभिनंदन करतो, त्यांनीही कष्ट केले आहेत. पण बी.एस्सी.ला, बी.ए.ला, आयटीआयला गेलेलं मूल या मांडवात मागं उभं राहू नये.

आणि पालकांना एवढंच सांगतो. २०१३ साली मी पेपर उलटला. त्या दिवसाचे सचिनसाठी आणलेले पेढे आठवतात. त्यातला एक पेढा रावांच्या नावानं खायचा राहून गेला होता. आज प्रसादाला कुंदा आहे. तो घेताना आठवण ठेवा.

माझं बोलणं लांबलं असेल तर क्षमा करा.

गणपती बाप्पा मोरया!